वस्त्रव्यवसाय आणि हिशेबाची नीती

(समाजाच्या वार्षिक संमेलनात नागपूर येथे दिलेले भाषण)



संमेलनाच्या कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. निवृत्त शिक्षक व्यासपीठावर उभा राहिला की तो मुलांच्या अभ्यासाविषयी बोलणार, अशी सर्वांची धारणा असते. आज आम्ही मोठ्यांच्या एका अभ्यासाविषयी बोलणार आहोत. तो अभ्यास म्हणजे तयार कपड्यांच्या दुकानाचा हिशेब.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सनदी लेखापालाची विद्या आमच्यापाशी नाही. तथापि आयुष्याची पुष्कळ वर्षे मुलांना नफातोट्याची गणिते शिकविण्यात गेली, आणि त्या गणितांतील एक उणीव आम्हांस नेहमी जाणवत आली. पुस्तकातला दुकानदार १०० रुपयांस सदरा घेतो, १२० रुपयांस विकतो आणि त्यास २० रुपये नफा होतो. हा दुकानदार मोठा भाग्यवान म्हणावयाचा! त्याचा सगळा माल विकला जातो. कोणी उधार नेत नाही, कोणी परत आणीत नाही, आणि रंग उतरला म्हणून एकही नग फळीवर पडून राहत नाही. खऱ्या दुकानात वर्षअखेरीस फळ्या मालाने भरलेल्याच असतात, आणि त्या मालाची किंमत काय धरली यावर वर्षाचा नफा ठरतो. आमच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. पुढे जे सांगणार आहोत तो याचाच विस्तार होय.

आपल्या शिंपी समाजाचा आणि वस्त्राचा संबंध सांगावयास नको. एके काळी गिऱ्हाईक कापड घेऊन येई, आपण माप घेऊन शिवून देत असू. त्या धंद्यात कापड गिऱ्हाइकाचे, सुईदोरा आपला आणि मजुरी रोख. शिल्लक मालाचा प्रश्नच नव्हता. रात्री डब्यात जे उरे त्यातून भाडे आणि कारागिराची मजुरी वजा केली की नफा कळे. पुढे तयार कपड्यांचे युग आले. आपल्या मुलांनी इतवारीत, महालात, सीताबर्डीवर दुकाने काढली. ही प्रगतीच होय. परंतु धंदा बदलला तरी हिशेबाची रीत बऱ्याच ठिकाणी जुनीच राहिली. आता माल आपला असतो, त्यात गुंतलेला पैसा बहुधा बँकेचा असतो, आणि रात्री गल्ल्यात पडलेल्या रकमेवरून नफा मुळीच कळत नाही. मजुरीचा हिशेब मालाच्या धंद्यास लावणे म्हणजे मुलाच्या मापाचा सदरा बापास घालण्यासारखे आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका दुकानात वर्षारंभी ४,००,००० रुपयांचा माल होता. वर्षात १२,००,००० रुपयांची खरेदी झाली आणि विक्री झाली १५,००,००० रुपयांची. वर्षअखेर शिल्लक माल खरेदी किमतीने ५,००,००० रुपयांचा भरला. म्हणजे ११,००,००० रुपयांचा माल खपला आणि ढोबळ नफा ४,००,००० रुपये झाला. आता त्या शिल्लक मालात १,००,००० रुपयांचे कपडे असे आहेत की त्यांची चाल गेली असून त्यांचे फार तर ४०,००० रुपयेच येतील. हे मान्य करताच शिल्लक माल ४,४०,००० रुपयांचा ठरतो आणि नफा ३,४०,००० रुपयांवर येतो. गल्ल्यातला पैसा तोच, फळीवरचा माल तोच. नफ्यात मात्र ६०,००० रुपयांचा फरक पडला. म्हणजे नफा हा जमिनीत सापडणाऱ्या हंड्यासारखा आयता मिळत नसून काही नियम ठरवून तो काढावा लागतो. या नियमांनाच हिशेबाची धोरणे म्हणतात. मोठ्या कंपन्यांना ती आपल्या वार्षिक अहवालात छापावी लागतात. आपल्या घरोघरीच्या दुकानांत ती मालकाच्या मनात असतात, आणि मन पालटले की तीही पालटतात. भांडणाचे मूळ येथे आहे.

हे नियम नवीन नाहीत. जमेला नावे आणि नावेला जमा ही दुहेरी नोंदीची पद्धत व्हेनिस नगरात १४९४ साली लुका पाचोली या संन्याशाने ग्रंथात छापून प्रसिद्ध केली. आपल्याकडे किर्द, खतावणी आणि ताळेबंद ही परंपरा होतीच. आपल्या देशात सनदी लेखापालांची संस्था १९४९ साली स्थापन झाली आणि हिशेबाची धोरणे उघड करण्याविषयीचे तिचे पहिले मानक १९७९ साली निघाले. २०१३ च्या कंपनी कायद्याने तर संचालकांवर असे बंधन घातले आहे की, आपण हिशेबाची धोरणे निवडली व ती सातत्याने पाळली, असे त्यांनी आपल्या अहवालात लिहून द्यावे. सातत्याने हा शब्द आपण ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

शिल्लक मालाचा नियम असा आहे : खरेदीची किंमत आणि विकून हाती येणारी निव्वळ किंमत, या दोहोंत जी कमी असेल ती धरावी. भाव वाढला म्हणून न विकलेल्या मालावर नफा मांडू नये. भाव पडला तर मात्र तोटा लगेच मांडावा. आशेचा हिशेब उद्या करावा, धोक्याचा आज करावा, हे त्यातले शहाणपण आहे. खरेदीच्या किमतीत माल दुकानी आणण्याचे भाडे व हमाली धरावयाची आणि व्यापाऱ्याने दिलेली सूट वजा करावयाची. तोच सदरा चैत्रात ३०० रुपयांस आणि श्रावणात ३२० रुपयांस घेतला असेल, तर फळीवर राहिलेला कोणता मानावयाचा? आधी आलेला आधी गेला असे मानावे, किंवा सर्वांची सरासरी काढावी. दोन्ही रीती आपल्या मानकांस मान्य आहेत. शेवटी आलेला आधी गेला, ही तिसरी रीत अमेरिकेत चालते, आपल्याकडे चालत नाही. कारण महागाईच्या काळात तिने जुना स्वस्त भाव ताळेबंदात वर्षानुवर्षे बसून राहतो. कोणतीही एक मान्य रीत घ्या, पण घेतलेली सोडू नका.

माल मोजतानाही डोळे उघडे हवेत. शिलाईसाठी भगिनींच्या घरी दिलेला माल दुकानात दिसत नसला तरी तो दुकानाचाच असतो, आणि तो मोजणीत आलाच पाहिजे. उलट, जांगड म्हणून ठेवून घेतलेला दुसऱ्याचा माल आपल्या फळीवर असला तरी तो आपला नव्हे. घरच्या लग्नात दुकानातून उचललेल्या साड्या व सदरे हे विक्रीत नसतात आणि शिलकेतही नसतात. ते मालकाच्या खात्यावर उचल म्हणून टाकले नाहीत तर वर्षअखेर माल कमी भरतो आणि संशय गरीब बिचाऱ्या नोकरावर जातो. हा अन्याय आहे आणि तो केवळ नोंद न केल्यामुळे घडतो.

आम्ही पाहिलेली एक हकीकत येथे सांगणे उचित होईल. नावगाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दोघा भावांचे शाळेच्या गणवेशांचे दुकान होते. वडील गेल्यावर वाटणीची वेळ आली आणि पंच म्हणून आम्हां तिघांस बोलावणे आले. दुकान थोरल्याने ठेवावे आणि धाकट्यास त्याच्या हिश्शाचे पैसे द्यावेत, येथपर्यंत दोघांचे एकमत होते. मतभेद होता मालाच्या किमतीविषयी. धाकटा म्हणे, माल खरेदीच्या भावाने धरा. थोरला म्हणे, यातील अर्धा माल कोणी फुकट नेणार नाही. एका शाळेने गणवेशाचा रंग बदलला होता आणि जुन्या रंगाचे, त्या शाळेची खूण शिवलेले कपडे कपाटे भरून पडले होते. गणवेशाच्या धंद्यात हा धोका मोठा. इतर सदरा स्वस्तात तरी खपतो, परक्या शाळेची खूण असलेला सदरा कोण घालील?

आम्ही मागील वर्षांचे कागद मागविले. तेव्हा असे दिसले की एकाच ३१ मार्चचा एकच माल दोन ठिकाणी दोन किमतींचा होता. बँकेकडे कर्जासाठी जे मालाचे पत्रक जाई त्यात किंमत फुगविलेली आणि आयकराच्या कागदांत ती आटविलेली. वडिलांनी यास चातुर्य मानले असेल. परंतु वाटणीच्या दिवशी धाकट्याने बँकेचा कागद हाती घेतला आणि थोरल्याने आयकराचा. दोन्हींवर वडिलांचीच सही. दोघेही आपापल्या परी खरे बोलत होते आणि कागद दोघांनाही खोटे पाडीत होता. अखेर दोन रविवार बसून नगननग मोजला. चालता माल, रेंगाळलेला माल, मेलेला माल आणि शिलाईस बाहेर गेलेला माल, असे चार ढीग केले आणि प्रत्येकाचा भाव दोघांच्या समक्ष ठरविला. भागीदारी विसर्जित होते तेव्हा आयकराच्या दृष्टीने माल विकून येणाऱ्या निव्वळ किमतीने धरावा लागतो, हेही सनदी लेखापालाने समजावून सांगितले. वाटणी झाली. भाऊ वेगळे झाले खरे, पण एकमेकांच्या घरच्या कार्यास येतात. ही मोजणी दरवर्षी झाली असती तर दोन वर्षांचा अबोला टळला असता.

आता विक्रीचा विचार करू. पैसा आला म्हणजे विक्री झाली, हा समज बरोबर नाही. आपले जुने व्यापारी हे जाणून होते. जांगड नेलेला माल गिऱ्हाइकाने पसंत केल्यावाचून ते विक्रीखाती मांडीत नसत. आजच्या मानकांतही तेच तत्त्व आहे : मालावरचा ताबा गिऱ्हाइकाकडे गेला की विक्री. भेटपत्र विकले आणि १,००० रुपये घेतले, तरी सदरा अजून द्यावयाचाच आहे; तोवर ती रक्कम दुकानाचे देणे असते. प्रत्येक खरेदीवर गुण देऊन पुढच्या वेळी सूट देण्याचे वचन मोठी दुकाने देतात. त्या वचनापुरती किंमत आजच्या विक्रीतून बाजूस ठेवावी लागते. परत येणाऱ्या मालाचाही अंदाज बांधून तितकी विक्री कमी धरावी लागते. आणि वस्तू व सेवा कर तर आपला नव्हेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिनग २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के आणि त्याहून महाग कपड्यांवर १८ टक्के असा हा कर ठरला. गिऱ्हाइकाने १,०५० रुपये दिले तर विक्री १,००० रुपयांची. उरलेले ५० रुपये सरकारची ठेव आपल्या गल्ल्यात आहे एवढेच. ही ठेव आपली समजून खर्च करणारा दुकानदार भरणा करण्याच्या दिवशी सावकाराच्या दारी उभा राहतो.

दुकानाची कपाटे, दिवे, शिलाईची यंत्रे यांची किंमत दरवर्षी थोडी थोडी झिजते, आणि ती झीज म्हणजे घसारा खर्चात धरावा लागतो. या बाबतीत आपल्या नागपुरानेच मोठा धडा पाहिला आहे. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी येथे एम्प्रेस मिल सुरू केली. आरंभीची यंत्रसामग्री हलक्या प्रतीची निघाली आणि ती बदलून चांगली आणावी लागली. जो धंदा मिळालेला सगळा नफा वाटून खातो, त्यास असा बदल करता येत नाही. घसारा मांडणे म्हणजे उद्याच्या यंत्राची आठवण आजच्या वहीत लिहून ठेवणे होय. ती गिरणी २००२ साली कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आता निवासी संकुल आणि एम्प्रेस मॉल उभा आहे. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांची घड्याळे लागत ती पिढी येथे बसलेली आहे. त्या भोंग्याविषयी आम्ही अधिक काय सांगावे!

त्याच टाटा घराण्याची ट्रेंट ही कंपनी आज तयार कपड्यांचा किरकोळ व्यापार करते. १९९८ च्या सुमारास लॅक्मे कंपनीने सौंदर्यप्रसाधनांचा धंदा विकून कपड्यांच्या दुकानांकडे मोर्चा वळविला, त्यातून ही कंपनी उभी राहिली. वेस्टसाइड आणि झुडिओ ही तिची दुकाने आपल्या मुलांस आपल्याहून अधिक ठाऊक आहेत. या कंपनीच्या हिशेबातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अशा कंपन्यांची बहुतेक दुकाने भाड्याच्या जागेत असतात. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या मानकाप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी भाडे हा केवळ महिन्याचा खर्च म्हणून लिहून भागत नाही. पुढील जितकी वर्षे जागा वापरावयाची, तितक्या वर्षांच्या भाड्याचे आजचे मोल देणे म्हणून दाखवावे लागते आणि जागा वापरण्याचा हक्क मालमत्ता म्हणून. मग ती मुदत किती धरावयाची? तो अंदाज असतो. मार्च २०२४ ला संपलेल्या तिमाहीत ट्रेंटने भाडेकरारांच्या मुदतींचा अंदाज नव्याने बांधला, आणि तेवढ्यावरून ५०० कोटी रुपयांहून अधिक अपवादात्मक लाभ तिच्या हिशेबात दिसला. त्यासाठी एक सदराही अधिक विकावा लागला नव्हता. कंपनीने हा लाभ वेगळ्या ओळीत, अपवादात्मक म्हणून दाखविला होता. म्हणून यात आक्षेपार्ह काही नाही. परंतु ज्याने वर्तमानपत्रातील नफ्याचा आकडा तेवढा वाचला आणि त्याखालची टीप वाचली नाही, त्याची समजूत चुकीची झाली असणार.

हे सांगण्याचे कारण असे की, आपल्या समाजातील अनेक तरुण आता आपली बचत अशा कंपन्यांच्या भागांत गुंतवितात. आम्ही त्यांस परावृत्त करीत नाही. त्यांनी एवढेच करावे : अहवालातील रंगीत चित्रे पाहून झाल्यावर हिशेबाच्या धोरणांची पाने उघडावी. शिल्लक माल विक्रीच्या मानाने फुगत चालला आहे काय, जुन्या मालाची किंमत उतरविली आहे काय, यंदा एखादे धोरण बदलले काय, आणि बदलले असल्यास नफ्यावर त्याचा परिणाम किती, हे चार प्रश्न विचारावे. धोरण बदलण्यास मनाई नाही. कारण सांगून व परिणाम दाखवून ते बदलावे, हा नियम आहे. गुपचूप बदललेले धोरण म्हणजे मोजताना आखूड केलेला गज होय, आणि गज आखूड करणाऱ्यास आपल्या धंद्यात काय म्हणतात हे या सभेस सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट. पूर्वी आपले व्यापारी दिवाळीस जुनी वही मिटून नवी पूजीत. दिवाळीची विक्री उरकलेली असल्याने फळ्या बऱ्याचशा रिकाम्या असत, आणि मोजणीत मतभेदास वाव थोडा असे. १९८९ पासून आयकरासाठी सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले. हा दिवस कपड्याच्या दुकानास मोठा अडचणीचा. लगीनसराईचा आणि जूनमधील शाळांचा माल नेमका तेव्हाच भरलेला असतो. फळ्या गच्च, गुंतवणूक मोठी आणि मालाच्या किमतीत थोडी चूक झाली तरी नफ्यात मोठा फरक. म्हणून लक्ष्मीपूजनाची वही आपण अवश्य पूजावी, परंतु मोजणीचा खरा दिवस ३१ मार्च आहे हे विसरू नये. त्या दिवशी दुकान बंद ठेवावे लागले तरी बेहत्तर. घरातील शिकलेल्या मुलामुलींस सोबत घेऊन माल मोजावा.

समाजास आमच्या विनंत्या तीन आहेत. प्रत्येक दुकानदाराने आपल्या हिशेबाचे नियम एका कागदावर मराठीत लिहून काढावे : माल कोणत्या भावाने धरतो, किती महिने पडून राहिल्यावर त्याची किंमत उतरवितो, उधारी केव्हा बुडीत मानतो, घरच्या उचलीची नोंद कोठे करतो. त्या कागदावर सर्व भागीदारांच्या सह्या असाव्यात. दुसरी विनंती अशी की बँक, आयकर आणि घरचे भागीदार या तिघांस एकच आकडा दाखवावा. त्याने कर थोडा अधिक पडेल, कर्ज थोडे कमी मिळेल. परंतु मुलांस वारशात एकच वही मिळेल. तिसरी विनंती मंडळास आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या सभागृहात तरुणांसाठी हिशेबाचा एक वर्ग चालवावा. समाजातील सनदी लेखापाल त्यास वेळ देतील अशी आमची खात्री आहे, आणि फळा पुसण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

वाडवडिलांनी आपणांस शिकविले की माप एकदा घेतले की कात्री त्याच मापाने चालवावी. गिऱ्हाइकाच्या अंगास जो न्याय आपण लावीत आलो, तोच आपल्या वहीस लावावा, एवढीच आमची प्रार्थना आहे.